अर्थ अर्धाच सांगितला

४ फेब्रुवारी, बुधवार

एकशे चाळीस नावं, आणि त्यातल्या बावीस जणी राजकन्या! मोजल्या मी. उरलेल्यांपैकी सतरा ‘देवाची देणगी’, अकरा ‘चांदणं’, नऊ ‘स्वर्गातलं फूल’. एवढी अफाट भाषा, आणि तिला मुलीसाठी एवढंच सुचलं?

यादी वहिनीने पाठवली. ‘अरबी वळणाची आधुनिक बाळनावं, अर्थासह.’ फोनवर कुठेतरी सापडली तिला. नववा महिना लागलाय. मुलगीच होणार ही तिची खात्री, आणि नाव आधीच ठरलं पाहिजे हा हट्ट. अटी अशा — नवं हवं, छोटं हवं, कानाला अरबी वाटलं पाहिजे आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. खाली एक ओळ: ‘तू अरबीवाली ना? जरा नजर टाक.’

टाकली. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, लाल पेन घेऊन. सोळा वर्षं अरबी कागदांची भाषांतरं करतेय मी. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, दवाखान्याचे कागद. खाली शिक्का आणि माझी सही. माझं एक अक्षर चुकलं तर कुणाचं तरी पोर शाळेबाहेर राहतं. आणि इथे कुणीतरी बसल्या बसल्या वाट्टेल त्या शब्दाला वाट्टेल तो अर्थ डकवतंय, आणि लोक त्यावर विसंबून जन्मभराचं नाव ठेवताहेत!

‘अलैना — राजकन्या.’ अलैना म्हणजे ‘आमच्यावर’. नाव कसलं, शब्दयोगी लागलेलं सर्वनाम आहे ते. मराठीत ठेवेल का कुणी मुलीचं नाव ‘आमच्यावर’? ए आमच्यावर, जेवायला ये!

‘महीन — चंद्रासारखी नाजूक.’ माहीन असतं तर गोष्ट वेगळी. ते फारसी, त्यात चंद्र आहे. पण अरबीत महीन म्हणजे तुच्छ. कवडीच्या लायकीचा. यादीवाल्याने काना खाल्ला आणि पोरीची पत घालवली.

‘अमल — आशा.’ हे बरोबर. पण अरबीत दुसराही अमल आहे, घशातून काढायच्या अक्षराचा, आणि त्याचा अर्थ काम. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. आशा म्हणून हाक मारायची आणि तिकडच्या माणसाला वाटायचं, कामाला लावलंय.

लाल खुणांची यादी फोटो काढून परत पाठवली. वहिनीचं उत्तर — ‘चुका काढायला नव्हतं सांगितलं. नाव सुचवायला सांगितलं होतं.’

घ्या. खऱ्याची चाड असणं हाच गुन्हा.

७ फेब्रुवारी, शनिवार

दादाकडे जेवायला. माझ्या घरापासून दहा मिनिटं, पण जिने चढून उतरून जीव जातो. आई तिथेच असते, दादा-वहिनीजवळ.

या वेळी स्वतःची यादी नेली. तिकडच्या आया आजकाल मुलींची नावं काय ठेवतात ते माझ्याइतकं इथे कुणाला माहीत असणार? रोज दाखले हाताखालून जातात. सिवार म्हणजे कांकण. लयान म्हणजे मऊपणा. हाला म्हणजे चंद्राभोवतीचं खळं. जना म्हणजे झाडावरून नुकतं तोडलेलं फळ.

दादाने सिवारचा ‘स्वार’ करून तिला घोड्यावर बसवलं. हालाला आई म्हणाली, बाईचे हाल आधीच काय कमी असतात, नावातही कशाला. आणि जना नावाची तिच्या शाळेत एक शिपाईणबाई होती, पट्टी घेऊन फिरायची, सगळ्या पोरी तिला टरकायच्या. झालं. माझी यादी पाच मिनिटांत निकालात.

मग मी म्हटलं, वतीन.

वहिनीचा घास हातातच राहिला. परत म्हण, म्हणाली. मी परत म्हटलं — ‘ती’ दीर्घ. विचारलं, म्हणजे काय? काळजाची शीर, मी सांगितलं. काळजातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी. जुना शब्द आहे, नाव म्हणून मात्र अलीकडे निघालंय. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे सहा वतीन आल्या.

आई म्हणाली, ऐकायला बरं आहे. आईकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

शब्दकोशात ती नोंद तिथे संपत नाही. पुढे आहे — ‘जी तुटली असता मनुष्य मरतो.’ ते मी नाही बोलले. आठ वर्षांनी दिवस राहिलेत बाईला, तिच्या ताटासमोर हे कशाला? कागदावर मी असं कधी केलं नसतं. पण हा काही कागद नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वहिनीचा मेसेज: ‘ठरलं. वतीन.’ मुलगा झाला तर, विचारलं. ‘होणारच नाही.’

११ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी! दोन किलो आठशे. नाक दादाचं, तक्रार करायची पद्धत आईची. दोघी सुखरूप.

ऑफिसात सांगितलं तर साहेबांनी नाव विचारलं आणि वर म्हणाले, वतीन? कुणाच्या वतीने? मग टायपिस्टने तेच विचारलं. मग पाणीवाल्याने. पहिल्यांदा हसले मी. तिसऱ्यांदा नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जन्मनोंदणीला दादाबरोबर मी गेले, कारण दादा कुणाशी भांडत नाही. खिडकीतल्या कारकुनाने ‘वतिन’ लिहिलं. ऱ्हस्व! मी म्हटलं, दीर्घ करा. तो म्हणाला, काय फरक पडतो. मी त्याला विचारलं, तुम्ही ‘दिन’ आहात की ‘दीन’? मागच्या रांगेतला एक माणूस हसला, दादाने माझी बाही ओढली. पण दीर्घ करून घेतलं. दाखला घेऊनच निघाले.

दादा पायऱ्या उतरताना म्हणाला, हिला शाळेत पाठवताना तूच जा.

जाईन की.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी बाळाला बघून आले. वहिनी तिला पूर्ण नावाने हाक मारते, लाडाचं नाव नाही, छकुली-बिकुली नाही. वतीन, डोळे उघड. वतीन, बघ कोण आलंय. मावशीही आली होती, आईची धाकटी बहीण. तिने नाव तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा चुकीचं म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहिता येत नाहीये.

सकाळपासून बाळ दूध ओढेना. वहिनी म्हणाली, धाप लागल्यासारखी करतेय. आई म्हणाली, सर्दी असेल. वहिनीने पायमोजे काढले तर पाय गार आणि करड्या रंगाचे. हात गरम, पाय गार! वहिनीने कुणाला विचारलंच नाही, होती तशी उचलली आणि निघाली, पायात घरातल्या चपला. दादा मागून धावला. मला फोन आला तोवर ते मोठ्या हॉस्पिटलात पोचले होते.

काचेच्या पेटीत आहे. हाताच्या तळव्याएवढं तोंड आणि त्यावर नळी. अकरा दिवसांची.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हृदयाच्या डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी कोऱ्या कागदावर हृदय काढलं, त्यातून वर जाऊन काठीच्या मुठीसारखी वळणारी एक जाड नळी काढली, आणि वळणाच्या पुढे पेनने दोन्ही बाजूंनी चिमटा दाखवला. इथे अरुंद आहे, म्हणाल्या. पोटात असताना एक जास्तीची वाट असते, तिच्यावर काम चालतं. जन्मल्यावर ती वाट बंद होते, आणि मग खालच्या अंगाला रक्त पोचत नाही. औषधाने ती वाट सध्या उघडी ठेवलीय. ऑपरेशन परवा.

दादाने विचारलं, ही नळी म्हणजे कुठली? महाधमनी, त्या म्हणाल्या. हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी.

दादाने माझ्याकडे बघितलं. जवळजवळ शब्दन् शब्द माझाच होता.

दुपारी बाकावर आई, मावशी, मी. मावशीने फोन काढला. या वेळी नाव बरोबर टाइप केलं तिने! आणि मोठ्याने वाचलं: ‘हृदयाची रक्तवाहिनी, जी तुटल्यास मृत्यू येतो.’ मग चष्म्यावरून मला विचारलं, मरण लिहिलंय त्यात, ठाऊक नव्हतं तुला?

समोरून दादा येत होता. त्याने ऐकलं. त्याने पण तेच विचारलं, हळू आवाजात.

‘ठाऊक होतं,’ मी म्हटलं.

तो वळून पेटीच्या काचेकडे गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

पण हे काय चाललंय? एकशे चाळीस नावांचे अर्थ धादांत खोटे होते, ते चालणार होते! आणि मी एक खरा अर्थ दिला तर मी पापीण? नाव आठ तारखेला ठरलं. ती नळी त्याआधी कितीतरी महिने पोटात घडली होती. नाव मागे जाऊन शीर आवळतं का? हेच मावशीला सांगितलं. ती म्हणाली, तू शिकलेली आहेस बाई, आम्ही काय बोलणार. आणि मग पुढे अर्धा तास बोलली.

अर्धा अर्थ लपवला, हे मात्र खरं. याद्यांवर लाल पेन चालवणारी मी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आईने आज फर्मान काढलं — नाव बदला. ऑपरेशनच्या आधी. दाखल्यावर नंतर, पण तोंडातून आजपासून काढून टाका. आणि बाळाची आजी म्हणून तिने आणखी एक निदान केलं: आमच्या घराण्यात काळजाचं दुखणं कधी कुणाला नव्हतं, हे त्या बाजूचं. ‘त्या बाजूची’ तीन पावलांवर बसली होती, काचेला कपाळ लावून! वहिनीने मान वळवली नाही. दोन दिवसांत तिने कुणाशी अवाक्षर काढलेलं नाही. नर्सशी बोलते, बाळाशी बोलते. बस.

मी आईला म्हटलं, एक काहीतरी ठरव. नावाने झालं की त्या बाजूने झालं? दोन्ही कसं होईल?

तेव्हा आई म्हणाली, ‘तुला स्वतःचं पोर असतं ना, तर असलं नाव सुचलंच नसतं.’

मी उठले. पर्स घेतली आणि चालत सुटले. हॉस्पिटलपासून ऑफिसपर्यंत चार सिग्नल, एकही दिसला नाही मला. टेबलाशी बसून एक घटस्फोटाचा कागद भाषांतरित केला, बिनचूक. साहेब म्हणाले, रजा होती ना तुमची? मी म्हटलं, घरात माझी गरज नाही.

अडतीस वर्षांची आहे मी. पोर नाही ही बातमी नाही. पण ती माझ्या तोंडावर फेकायला आईला नेमका आजचाच दिवस सापडावा? संताप संताप होतोय. आणि त्याच्या तळाशी — लिहिते, इथे कोण वाचणार — भीती. शहाण्यासारखं सगळं जाणूनही भीती. आज दिवसभर मीसुद्धा ते नाव मनात म्हटलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गेले. न जाऊन सांगते कुणाला?

ऑपरेशनच्या आधी दादा सिस्टरला म्हणत होता, पाटीवर नाव नको, नुसतं मुलगी लिहा. सिस्टर चांगली खमकी. म्हणाली, रक्ताच्या पिशवीवर, फायलीवर आणि हातातल्या पट्टीवर एकच नाव लागतं. मधेच बदललं तर एकीचं रक्त दुसरीला जाईल. तुमचं काय ते घरी गेल्यावर.

मग संमतीचा कागद. शेवटच्या ओळीत छापलेलं — ‘रुग्णाच्या वतीने’ — आणि पुढे सहीची जागा. दादाचं पेन त्या शब्दावर थांबलं. मी शेजारीच उभी होते. ऑफिसातला विनोद आठवला. दादाने सही केली. जन्मनोंदणीच्या अर्जावर त्याची सही बघितलीय मी, ती ही नव्हे.

नऊ वाजता नेलं.

पावणेअकरा. बाहेर आल्या डॉक्टरीणबाई. अरुंद भाग कापून काढला, दोन्ही टोकं जोडली. पुढचे दोन दिवस जपायचे.

मला आत सोडलं नाही. वहिनीला सोडलं. तिने पांघरूण उचलून बाळाच्या पायाला हात लावला, मग काचेतून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. गरम!

त्या सगळ्यांमध्ये तिने माझ्याकडेच का बघितलं, कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नळी काढली. रडली. आवाज बसलेला, पण तक्रारीचा सूर आईचाच.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मावशी विजयी मुद्रेने. नाव बदलायचं म्हटलं आणि बघा, पोर वाचली! नाव कुठे बदललंय अजून? ऑपरेशन वतीन नावाच्याच मुलीचं झालं, फायलीवर लिहिलंय! पण कोण ऐकतंय. डॉक्टरीणबाई पावणेदोन तास वाकून उभ्या, आणि श्रेय मावशीच्या जिभेला.

२ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहिलंच पाहिजे.

वॉर्डच्या बाहेर, पाण्याच्या मशीनजवळ. दादा नाव बदलायचा अर्ज घेऊन आला होता, भरलेला. दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, त्याची झाली होती, वहिनीची बाकी. नवं नाव मावशीने निवडलेलं. आईला पसंत. दादाने कागद माझ्यापासून जरा आड धरला होता, पण उलटी अक्षरं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

महीन!

एकशे चाळिसांतून तेच! त्याच यादीतून, मी लाल फुली मारलेलं! मावशी म्हणाली, चंद्रासारखी नाजूक, आता नाजूक तर आहेच बिचारी. मी म्हटलं, तुच्छ. त्याचा अर्थ तुच्छ आहे. पोरीला जन्मभर तुच्छ म्हणून हाक मारणार का? शेजारचे लोक बघायला लागले इतका आवाज चढला माझा. आई म्हणाली, तुझ्या अर्थांनी पुरे झालं आता. दादा म्हणाला, इथे कोण अरबी बोलतंय, अर्थ कुणाला कळणार आहे?

कुणाला कळणार आहे! माझ्या सख्ख्या भावाने! वतीनचा अर्थ कळला म्हणून नाव काढायचं, आणि महीनचा कुणाला कळणार नाही म्हणून ठेवायचं. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी भलतंच समजून घेतलं. आई म्हणाली, रडू नकोस, तुझ्यावर कुणी आळ घेत नाही. आठवडाभर दुसरं काय करताय मग?

वहिनी वॉर्डातून बाहेर आली. दादाने कागद पुढे केला, पेन दिलं. तिने वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग चार घड्या घातल्या आणि गाऊनच्या खिशात टाकला.

‘मी सही करणार नाही,’ म्हणाली.

आईने सुरुवात केली — अगं, त्या नावाचा पुढचा अर्थ तुला माहीत नाही, हिने सांगितला नाही तुला...

‘माहीत होता. ही जेवून घरी गेली, त्याच दिवशी शोधला मी. तुटली की माणूस मरतो. पूर्ण वाचला आणि मगच ठरवलं.’

मशीनमधून ग्लासात पाणी पडत होतं, कुणीतरी नळ बंद करायला विसरलं होतं.

वहिनी सगळ्यांशी बोलत होती, पण बघत होती दादाकडे. ‘आठ वर्षं वाट बघितली मी. दोनदा गेलं. तेव्हा मला कुणी विचारलं, काय होतं तुला, तर सांगायला शब्द नव्हता. त्या दिवशी सापडला. ही तुटली तर मी राहणार नाही. मला राजकन्या नको होती, चंद्र नको होता. हेच म्हणायचं होतं मला. नाव मी ठेवलंय, हिने नाही. जे बोलायचं ते मला बोला.’

एवढं बोलून आत गेली. पाणी पाजायची वेळ होती — नाही, दूध. काय लिहितेय मी.

मावशीला काम आठवलं. आई बाकावर बसून राहिली. दादाने मशीनचा नळ बंद केला, ग्लास उचलला आणि माझ्या हातात दिला.

तीन आठवडे मी एका अर्ध्या वाक्याचं ओझं वागवत होते, आणि ज्या बाईपासून लपवलं तिने ते त्याच दिवशी वाचून ठेवलं होतं. मला बोलली नाही. लाल पेनवालीला वाईट वाटेल म्हणून की काय? तिला नुसती यादीवाली समजत होते मी. लाज वाटतेय.

३ मार्च, मंगळवार

वहिनीला सॉरी म्हटलं. कशाबद्दल, म्हणाली. लपवल्याबद्दल. ती म्हणाली, मला भिऊ नकोस एवढी, मी काही काच नाही. आणि मग बाळाला माझ्या मांडीवर दिलं. बरगड्यांच्या बाजूने बोटभर लांब टाका. पाय आपले सारखे झाडतेय.

दोन किलो नऊशे.

६ मार्च, शुक्रवार

घरी सोडलं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी दादा-वहिनीला सांगितलं की दोघांनी आपापल्या हृदयाची तपासणी करून घ्या. पडद्यावर हृदय बघतात ती, दुखत वगैरे नाही. हा दोष कधीकधी घरात वाहत येतो. आईने लगेच वहिनीकडे बघितलं. अजूनही!

१० मार्च, मंगळवार

वहिनीचं हृदय लख्ख. दादाच्या महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असायला हव्यात, त्या दोनच. जन्मापासून. त्याला आजवर कधी काही झालं नाही, पुढेही लक्ष ठेवलं की पुरे. पण बाई म्हणाल्या, बाळाचा दोष आणि हा, एकाच कुळातले. आता तुमची आई आणि बहीण, दोघींनाही पाठवा.

त्या बाजूचं म्हणे! मी मनातल्या मनात किती वाक्यं तयार केली आईसाठी. एकाहून एक धारदार. सगळी लिहून काढणार होते इथे. थकलेय, उद्या.

१२ मार्च, गुरुवार

माझी झाली. तीन पाकळ्या, तिन्ही चोख.

आई यायला तयार नाही. मला काय धाड भरलीय, म्हणते. दादा म्हणाला, तूच घेऊन जा, तुझ्याशी भांडण्यात ती तपासणीचं विसरते.

१७ मार्च, मंगळवार

नेलं एकदाचं आईला. वाटेत भर रस्त्यात विचारते, त्या महीनचा अर्थ खरंच तुच्छ होता का? मी म्हटलं, खरंच. मग म्हणाली, मावशीला सांगू नकोस, तिला लागेल.

मला लागलं तेव्हा कुठे होतीस, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

रिपोर्ट गुरुवारी.

१९ मार्च, गुरुवार

आईच्याही दोन. सहासष्ट वर्षं कुणाला पत्ता नाही, आता कडक झाल्यात. सहा महिन्यांनी परत बघायचं, कदाचित झडप बदलावी लागेल. बाईंनी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकलं.

जिन्यात थांबली. कठडा धरून. ‘म्हणजे माझ्यापासून त्याला, आणि त्याच्यापासून तिला. होय ना गं?’

महिनाभर घासून ठेवलेली सगळी वाक्यं माझ्यापाशी होती.

म्हटलं, ‘छे गं आई. नावामुळेच झालं असणार ते.’